ब्रेक पॅडमधल्या तारेच्या स्प्रिंगांनी ॲव्हरेज वाढतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमची छोटी पेट्रोल गाडी आहे, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. साठ हजार किलोमीटर झालेत. पूर्वी लिटरला १८ मिळायचे, गेल्या सहा महिन्यांत ते १६ वर आलंय. अशात कुणीतरी तुम्हाला तारेच्या चार छोट्या स्प्रिंगा दाखवल्या. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन पॅडच्या मध्ये बसवायच्या, म्हणजे ब्रेकवरचा पाय काढला की पॅड डिस्कपासून लांब राहतात, घासत नाहीत आणि ॲव्हरेज १० ते १५ टक्के वाढतं, असं त्याचं म्हणणं. तुम्ही विचारलंय, बसवू का?

यात खरे दोन प्रश्न आहेत. एक, या स्प्रिंगांनी पेट्रोल वाचतं का? दुसरा, तुमचे हरवलेले २ किलोमीटर कुठे गेले? पहिल्याचं उत्तर 'हो, पण अगदी थोडं' असं आहे. दुसऱ्याचा या स्प्रिंगांशी बहुतेक काहीच संबंध नाही. वीस-बावीस वर्षं मी मुख्यतः ब्रेकचंच काम करतोय, म्हणून हे कशावरून म्हणतो ते नीट सांगतो. तुम्ही स्वतः घरी तपासू शकाल अशा काही गोष्टीही ओघात येतील.

ड्रम ब्रेकमध्ये ड्रमला आतून घासणारे लायनर मागे ओढायला चांगल्या दणकट स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी तशी स्प्रिंग नसते. पॅडला दाबणारा पिस्टन मागे येतो तो एका रबरी रिंगमुळे, जिला आपण सगळे नुसतं 'सील' म्हणतो. ही रिंग कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या भागाच्या, आतल्या खाचेत बसलेली असते, चौकोनी कापाची असते आणि पिस्टनला घट्ट धरून असते. तिचं काम समजून घ्यायचं तर एक खोडरबर टेबलावर ठेवा, त्यावर बोट दाबून धरा आणि बोट किंचित पुढे न्या. खोडरबर जागचं हलत नाही, पण त्याचा वरचा भाग बोटाबरोबर पुढे कलतो. जोर सोडला की ते सरळ होतं आणि बोटालाही मागे आणतं. सील नेमकं हेच करतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जातो, रबर त्याच्याबरोबर कलतं. पाय काढला की रबर सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं मागे घेतं. पॅड झिजत गेला की पिस्टनला रबराच्या कलण्यापेक्षा जास्त पुढे जावं लागतं. तेव्हा तो सीलमधून थोडा सरकतो आणि नवी जागा धरतो. डिस्क ब्रेक आपोआप ॲडजस्ट होतो तो असा.

आता लक्षात घ्या, हे सगळं आतल्या बाजूच्या पॅडचं झालं. तुमच्या गाडीसारख्या बहुतेक गाड्यांत कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो आणि अख्खा कॅलिपर दोन गाईड पिनांवर सरकतो. बाहेरच्या पॅडला मागे ओढणारं असं थेट काहीच नसतं. डिस्क फिरताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी एवढी डुलते, ती बाहेरच्या पॅडला हलके टपल्या मारत लांब ढकलते, आणि पिना मोकळ्या असतील तर कॅलिपर त्या ढकलण्याबरोबर सरकतो. म्हणून डिस्क ब्रेकमध्ये थोडं घासणं राहतंच. जॅकवर चढवलेलं पुढचं चाक हाताने फिरवलं तर 'सर्र सर्र' असा बारीक आवाज येतो, तो हाच. तो आला म्हणून घाबरू नका.

स्प्रिंग इथे काय करते? पॅडच्या लोखंडी पाठीला भोकं असतील तर त्यात तारेची दोन टोकं अडकतात आणि ती दोन्ही पॅडना विरुद्ध दिशांना ढकलते. तिचा जोर अगदी बेताचा असतो. पिस्टनला सीलमधून मागे सरकवण्याइतका तो नसतो आणि असूही नये. म्हणजे स्प्रिंग स्वतः फट तयार करत नाही. सीलने पिस्टन मागे घेऊन जी फट दिली, पिना मोकळ्या असल्यामुळे जी मिळाली, ती दोन्ही बाजूंना वाटून घ्यायला स्प्रिंग मदत करते, एवढंच. पॅड आपल्या खाचेत गंजून अडकला असेल किंवा पिन जाम असेल, तर तिच्यात त्याला हलवायची ताकदच नसते. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे. ब्रेक ठीक असेल तर स्प्रिंगला वाचवायला फार काही उरलेलं नसतं, आणि ब्रेक बिघडलेला असेल तर तो स्प्रिंगच्या आवाक्याबाहेरचा असतो.

आता आकडे. हे मी किलोंमध्ये सांगतो, कारण ते साध्या स्प्रिंगकाट्याने मोजता येतात. तुमच्या गाडीचं माणसांसकट वजन साधारण १२०० किलो धरू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ८० च्या एकसारख्या वेगाने ती चालवायला ३३ किलोच्या आसपास जोर लागतो. त्यातले सुमारे १२ किलो टायरच्या लोळण्यात जातात आणि २१ किलो हवा कापण्यात. पुढचे ब्रेक ठीक असतील तर प्रत्येक चाकाचं घासणं टायरच्या कडेला मोजलं की अर्धा ते एक किलो भरतं. मी ०.७ धरतो, म्हणजे दोन चाकांचे मिळून १.४ किलो. मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बरोबर असेल तर ते जवळपास शून्य.

स्प्रिंगांनी हे घासणं निम्मं केलं असं मानू, आणि हे मी मोकळ्या हाताने देतोय. वाचले ०.७ किलो, ३३ मधले. म्हणजे दोन टक्के जोर. पण जोर दोन टक्क्यांनी कमी झाला म्हणून पेट्रोल दोन टक्क्यांनी कमी होत नाही. इंजिन स्वतःला फिरवत ठेवायलाही पेट्रोल खातं, आणि तो खर्च रस्त्यावरचा जोर घटला तरी तसाच राहतो. ढोबळ हिशेबाने जोरातली बचत निम्मी होऊन पेट्रोलमध्ये उतरते. मग हाती राहिला एक टक्का. लिटरला १८ चे १८.२ झाले. हा फरक खरा आहे, पण एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर मोजायला गेलात तर तुम्हाला तो दिसणारही नाही. पंपावर नळी आपोआप बंद होताना टाकीत अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे होतं, त्यातच हा सगळा फरक बुडून जातो.

परिस्थितीनुसार हे बदलतं, ते नाकारत नाही. शहरात वेग कमी असतो, हवेचा विरोध घटतो, त्यामुळे ब्रेकच्या घासण्याचा एकूण जोरातला वाटा वाढतो. पण शहरात पेट्रोल मुख्यतः जातं ते पुन्हा पुन्हा वेग घेण्यात आणि सिग्नलला उभं राहण्यात. चारही चाकांना डिस्क असतील तर घासणं जास्त, तेव्हा फायदाही थोडा जास्त. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या फिक्स कॅलिपरचं गणित वेगळं असतं. आणि विजेवर चालणारी गाडी असेल तर वाचवलेला प्रत्येक किलो जवळपास पूर्णपणे बॅटरीत उरतो, कारण मोटर इंजिनासारखी स्वतःवर ऊर्जा उधळत नाही. म्हणूनच अशा गाड्यांच्या ब्रेकमध्ये हे घासणं कमी करण्याकडे बनवणारे फार बारकाईने बघतात. तुमच्या गाडीला मात्र वरचाच हिशेब लागू आहे.

आता हाच हिशेब उलटा लावून बघू. तुमचं ॲव्हरेज १८ वरून १६ झालं, म्हणजे तेवढ्याच अंतराला साडेबारा टक्के जास्त पेट्रोल जायला लागलं. हे सगळं ब्रेक घासल्यामुळे व्हायचं असेल तर जोर पंचवीस टक्क्यांनी वाढायला हवा, म्हणजे साधारण ८ किलो. ताशी ८० ला ८ किलोचं घासणं म्हणजे पावणेदोन किलोवॉट उष्णता. विजेची किटली पूर्ण जोरात चालू करून चाकात ठेवल्यासारखं ते होईल. ही उष्णता लपत नाही. चाकापासून हातभर अंतरावर धग जाणवते, जळका वास येतो, गाडी एका बाजूला ओढते, रिमवर त्या एकाच चाकाला काळ्या भुकटीचा थर दिसतो. उलट ठीक असलेल्या ब्रेकचं ०.७ किलो म्हणजे दीडशे वॉट, एक-दोन जुन्या पिवळ्या बल्बांएवढी धग, जी वाऱ्यावर सहज निघून जाते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून माझा अंदाज असा, की ब्रेकमुळे फार तर यातला थोडा भाग जात असेल, बाकीचा दुसरीकडे जातोय.

तरीही ब्रेक आधी तपासा, कारण अडकलेला ब्रेक हा पेट्रोलच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. पॅड सतत घासून कॅलिपर तापला तर पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळू शकतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलं झाल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं. जुन्या ऑइलमधलं पाणी पिस्टनला आतून गंज लावतं तो तोटा वेगळा.

तपासायचं कसं, तर पहिली पायरी घरीच करा. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक जवळपास न लावता. गाडी आपोआप हळू होऊन थांबेल अशी सपाट जागा निवडा. मग चारही चाकांजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. लांबून तापमान मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. बघायचं ते डाव्या-उजव्यातलं अंतर. दोन्ही पुढची चाकं सारखी कोमट असतील तर निम्मी शंका तिथेच मिटली. फक्त एक सांगतो, दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असतील तर ही तुलना फसते. म्हणून दुसरी पायरी आहे.

ही दुसरी पायरी मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक 'गाडी जड चालते' तक्रारीला करतो. गाडी लिफ्टवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. इंजिन चालू करून पेडल दोनदा चांगलं दाबायचं, सोडायचं, इंजिन बंद. टायरभोवती दोन वेढे देऊन दोरी गुंडाळायची, तिच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवायचा आणि सावकाश, एकसारखं ओढायचं. चाक फिरत असताना काटा काय दाखवतो ते लिहायचं. मग चाक हाताने दहा वेळा फिरवून पुन्हा ओढायचं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी येतो, कारण दरम्यान डिस्कने पॅडना ढकलून स्वतःपुरती जागा करून घेतलेली असते. शेवटी पॅड काढून तिसऱ्यांदा ओढायचं. हा बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा वाटा, तो आधीच्या आकड्यांतून वजा करायचा. जे उरतं तेच ब्रेकचं घासणं, आणि ते टायरच्या कडेला मोजलेलं असल्यामुळे रस्त्यावर तुम्हाला तेवढाच जोर जास्त लावावा लागतो. वेगळं गणित करायची गरज नाही.

एका गाडीची गोष्ट सांगतो. मालकाने याच प्रकारच्या स्प्रिंगा दुसरीकडे बसवून घेतल्या होत्या आणि ॲव्हरेज एक किलोमीटरने वाढल्याचं तो अगदी मनापासून सांगत होता. मला त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखवायचा नव्हता, मला कारण हवं होतं. कॅलिपर उघडला तर पिना स्वच्छ, नवीन ग्रीस, पिनांवरच्या रबरी टोप्या, म्हणजे बूट, नव्या, पॅड बसायच्या खाचांमधला गंज घासून काढलेला. ज्याने स्प्रिंगा बसवल्या त्याने प्रामाणिकपणे सगळं कामही केलं होतं. मी मालकाच्या परवानगीने स्प्रिंगा काढल्या आणि काटा लावला. स्प्रिंगांसह अर्धा किलो, स्प्रिंगांशिवाय ०.६. मग मी त्याला विचारलं, काम व्हायच्या आधी एक चाक जास्त तापायचं का? तो म्हणाला, हो, डावं, आणि वासही यायचा. म्हणजे फायदा झाला होता तो त्या डाव्या चाकाची जाम पिन मोकळी केल्याचा. नाव मात्र स्प्रिंगांना मिळालं.

अशी जाम पिन मी अनेकदा मोजली आहे. एक चाक साडेतीन किलो, त्याच गाडीचं दुसरं ०.७. पिन बाहेर काढायला जावं तर ती हाताने फिरतही नाही, पाना लावून पिळत पिळत काढावी लागते. बाहेर येते तेव्हा तिच्यावर तपकिरी गंजाची पूड आणि वाळून मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस असतं, आणि रबरी बूटला कुठेतरी नखाएवढी चीर, जिथून पाणी आत गेलं. एवढीशी चीर! ती पिन साफ करून, बूट बदलून, योग्य ग्रीस लावून बसवली की कॅलिपर दोन बोटांनी सरकतो आणि काटा ०.८ वर येतो. इथे पावणेतीन किलो वाचले. त्याच गाडीत नंतर स्प्रिंगा घातल्या असत्या तर आणखी शंभर-दोनशे ग्रॅम. कुठे वेळ घालवायचा ते यावरून ठरवा.

म्हणून तुमच्या मेकॅनिकला स्प्रिंगा बसवायला सांगण्याऐवजी पुढच्या कॅलिपरची सर्व्हिस करायला सांगा, आणि शक्य असेल तर शेजारी उभे राहा. पॅड बाहेर आले की आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी शेजारी ठेवून बघा. बाहेरचा जास्त झिजला असेल तर पिनांकडे बघायचं, आतला जास्त झिजला असेल तर पिस्टन आणि सीलकडे, आणि एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असेल तर एक पिन अडकली किंवा पॅड खाचेत वाकडा बसला. पॅडचे दोन्ही कान ज्या पातळ स्टीलच्या पट्ट्यांत बसतात, त्या पट्ट्या काढून खालचा गंज वायर ब्रशने काढला पाहिजे. पट्टीच्या खाली गंज फुगतो, पट्टी वर उचलली जाते आणि पॅडचा कान तिच्यात आवळला जातो. वरवर बघून हे दिसत नाही. पॅड हाताने खाचेत सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवायची वेळ येता कामा नये. पिनांना ब्रेकसाठी असलेलं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच लावायचं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पिन आधीपेक्षा जास्त जाम होते. दोनपैकी एका पिनेला टोकाशी रबर असेल तर ती वर होती की खाली हे काढतानाच लक्षात ठेवायचं, अदलाबदल करायची नाही. आणि भुकटी हवेच्या झोताने उडवू देऊ नका, ब्रेक क्लीनरने धुवायला सांगा. ती फुप्फुसात जाण्यासारखी नाही.

पिना मोकळ्या असूनही चाक अडकत असेल तर एक सोपी परीक्षा आहे. चाक आवळलेलं असताना कॅलिपरचं ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी, थोडं सैल करायचं. ऑइल दाबाने बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून बसतोय. ऑइल आणणारा रबरी होज आतून सोलला गेला असेल किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग, दाब पूर्ण सोडत नसेल. निपल उघडूनही चाक तसंच, तर दोष कॅलिपरमध्येच आहे. मागच्या ड्रमसाठी हँडब्रेकची केबल जास्त ओढलेली नाही ना, तेवढं बघा.

स्प्रिंगांकडे पुन्हा येतो, कारण त्यांचा एक धोका कुणी सांगत नाही. गाडी किंवा पॅड बनवणाऱ्यानेच पॅडच्या पाठीला भोकं दिली असतील आणि त्या पॅडबरोबर स्प्रिंगा आल्या असतील, तर जरूर बसवा. त्या मोजून-मापून केलेल्या असतात, आणि पॅड बदलताना त्याही नव्या घ्यायच्या, कारण उष्णतेने त्यांचा ताण जातो. पण भोकं नसलेल्या पॅडला ड्रिल मारून, किंवा 'सगळ्या गाड्यांना चालतात' अशा जाड तारेच्या स्प्रिंगा कोंबून बसवणं हे मी कधीच करणार नाही. जाड स्प्रिंग पॅडबरोबर पिस्टनलाही मागे ढकलते. समजा तिने प्रत्येक बाजूला ०.३ मिलिमीटर जास्तीची फट केली. ५४ मिलिमीटरच्या पिस्टनला ही ०.६ मिलिमीटरची फट भरायला सुमारे १.४ घनसेंटिमीटर ऑइल लागतं, दोन चाकांना पावणेतीन. मास्टर सिलिंडर २०.६ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा पिस्टन त्यासाठी ८ मिलिमीटर जास्त सरकावा लागतो, आणि पेडलचं गुणोत्तर चारास एक धरलं, म्हणजे पाय चार मिलिमीटर गेला की तो पिस्टन एक सरकतो, तर तुमचा पाय तीन सेंटिमीटरहून जास्त खोल जातो, ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधी! समोर अचानक कुणी आलं तर त्या तीन सेंटिमीटरची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको. शिवाय तार सुटून डिस्क आणि कॅलिपरच्या मध्ये अडकली तर ती डिस्कवर चर पाडते.

हे कोडं गाडी बनवणाऱ्यांनाही पडलं होतं. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर जनरल मोटर्सने १९८० च्या मॉडेल वर्षाच्या एक्स-बॉडी गाड्यांना, म्हणजे शेव्हरोले सायटेशन आणि तिच्या भावंडांना, कमी घासणारे कॅलिपर दिले. पिस्टन नेहमीपेक्षा जास्त मागे यावा अशी त्यांची रचना होती. पण त्यामुळे पेडल खोल जाणार हे उघड होतं, म्हणून सोबत 'क्विक टेक-अप' प्रकारचा मास्टर सिलिंडर द्यावा लागला. त्यात दोन व्यासांचे भाग असतात. मोठा भाग सुरुवातीला कमी दाबाने भरपूर ऑइल ढकलून फट भरून काढतो, मग लहान भाग खरा दाब देतो. म्हणजे पॅड लांब ठेवायचे तर मास्टर सिलिंडरपासून सगळी जुळणी बदलावी लागते. ते काम एकट्या तारेकडून होणार नाही.

आता तुमचे उरलेले किलोमीटर. इथे मी भराभर जातो, कारण गाडी समोर नसताना फार नेमकं सांगता येत नाही. टायरमधली हवा थंड टायरवर मोजा. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जातं. दहा कमी असेल तर दोन टक्के गेलेच, म्हणजे स्प्रिंगांच्या कमाईच्या दुप्पट. साठ हजारांच्या आसपास टायर बदललेत का? नवे टायर झिजलेल्यांपेक्षा जड लोळतात, आणि त्यांचा घेर थोडा मोठा असल्यामुळे तेवढ्याच अंतराला मीटर कमी किलोमीटर दाखवतो. ॲव्हरेजमधली एक-दोन टक्के घट तर नुसती कागदावरची असू शकते. चाकांची अलाइनमेंट बघा. इंजिनचं तापमान नेहमीच्या जागी यायला जास्त वेळ लागतो का ते बघा. इंजिनचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन थंडच चालतं आणि पेट्रोल जास्त पितं. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर हे नेहमीचे संशयित आहेतच. आणि सहा महिन्यांपूर्वी तुमचा रोजचा रस्ता बदलला का, फेऱ्या छोट्या झाल्या का, हेही स्वतःला विचारा. थंड इंजिनावर तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या सुरू झाल्या असतील तर दोन किलोमीटरची घट मला अजिबात आश्चर्याची वाटणार नाही.

ब्रेकने पेट्रोल वाचवायचा एक मार्ग मात्र खरोखर मोठा आहे, आणि तो पायात आहे. तुमची १२०० किलोची गाडी ताशी ५० वरून ब्रेक लावून पूर्ण थांबवली की सुमारे ११६ किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन संपते. स्प्रिंगा ज्या ०.७ किलो जोराची बचत करतात, त्या हिशेबाने तेवढी ऊर्जा साठवायला त्यांना जवळपास सतरा किलोमीटर धावावं लागेल. लांबूनच लाल सिग्नल दिसला आणि गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप हळू होऊ दिलीत, तर त्यातला बराच भाग तुम्ही अंतर कापण्यात वापरला. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये असं गिअरमध्ये घसरताना पेट्रोल बंद होतं. न्यूट्रल करू नका. त्यात इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातंच, आणि उतारावर इंजिनाचा आधार सुटतो.

तर आधी हवा, मग चाकांची धग, मग कॅलिपरची सर्व्हिस, याच क्रमाने जा. त्यानंतर सलग तीन टाक्या त्याच पंपावर, त्याच नळीने, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरून ॲव्हरेज काढा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. पॅड निघतील तेव्हा आतल्या-बाहेरच्या चारही पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये आणि जमलं तर स्प्रिंगकाट्याचे आकडे मला कळवा. डाव्या-उजव्यात एक किलोहून जास्त फरक आला तर त्या बाजूचा बूट आणि पिन यांचा फोटोही पाठवा, पुसायच्या आधीचा.